गोझोच्या अंजिराची गोष्ट कुणाची?

विद्या,

मंडळाच्या स्मरणिकेसाठी मी तुझ्यावर तीनशे शब्द लिहून दिले आहेत. त्यात तू हसतमुख आहेस, अडल्यानडल्याला धावून जाणारी आहेस आणि तुझ्या जाण्याने पोकळी वगैरे निर्माण झाली आहे. तुझा जन्म कुठला, शिक्षण किती, सिंगापुरात कधी आलीस, आजारपण किती दिवसांचं, हे सगळं तुझ्या मकरंदने सांगितलं तसं उतरवून काढलं. तू वाचलं असतंस तर चहा नाकातून आला असता. तो लेख तिकडे गेला. हा दुसरा फक्त तुझ्यासाठी आहे आणि ह्यात मी तुझ्याशी भांडणार आहे. तुला जाऊन वीस दिवस झाले, आता भांडायला हरकत नाही.

भांडण जुनंच आहे. गोझोच्या अंजिराचं.

पण त्याच्याही आधी एक कबुली देते. मला तुझा पहिल्या दिवसापासून हेवा वाटत आला. वीस वर्षांपूर्वी दोघींचे नवरे आयटीत म्हणून आपण इथे आलो, तू हौगांगला आणि मी सेंगकांगला, दोन स्टेशनांच्या अंतरावर. तू पुण्यातली बँक सोडून आली होतीस, मी ज्युनियर कॉलेजातली बॉटनी. तुला इथेही बँक मिळाली. बॉटनीच्या बाईंवाचून सिंगापूरचं काही अडलं नव्हतं. मी एका ट्यूशन सेंटरच्या ऑफिसात बसायला लागले, कुठलं पोर कुठल्या वर्गात बसलंय एवढं बघायला. तुझ्या पोळ्या माझ्यापेक्षा जाड असायच्या, आमटीत मीठ कमी-जास्त व्हायचं, तरी लोक तुझ्याकडे जेवायला धावायचे, कारण तू वाढता वाढता गोष्टी सांगायचीस. माझ्याकडे लोक जेवून जायचे. तुझ्याकडे बसायचे.

रस्त्याने जाताना मी कुणाला म्हटलं, हा रेन ट्री, ह्याची पानं पाऊस येण्याआधी मिटतात, तर लोक 'हो का?' म्हणून फोन बघायचे. तेच तू दुसऱ्या दिवशी कुणाला सांगायचीस, तर माणसं मान वर करून झाडाकडे बघत उभी राहायची. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे, सेंगकांगच्या एलआरटी स्टेशनखाली.

तर गोझो. सात वर्षांपूर्वीचा जून. सिंगापुरात उन्हाळा नावाचा ऋतूच नाही, बारा महिने तोच घाम आणि संध्याकाळी सात वाजता तोच अंधार. पण शाळांना जूनमध्ये सुट्टी असते, आणि तू त्या वर्षी ठरवलंस की आपण खऱ्या उन्हाळ्यात जायचं. तुझ्या बँकेतल्या कुणीतरी माल्टाचं नाव काढलं होतं. माल्टाहून बोटीने अर्ध्या तासात गोझो. तिथलं एक जुनं शेतघर, दगडी भिंतींचं, मागे पोहण्याचा छोटा तलाव. दोन नवरे, तुझी अन्वी, माझा ईशान आणि आपण दोघी. बारा-बारा वर्षांची पोरं जी तलावात उतरली ती आठ दिवस बाहेर आलीच नाहीत. नवरे गच्चीवर टॉवेल तोंडावर घेऊन झोपले.

आणि तूही झोपलीस, विद्या! हे मला आज सांगितलंच पाहिजे. बसमध्ये बसलीस की तुझी मान माझ्या खांद्यावर पडायची. बेट मी बघितलं. दगडी भिंतींच्या सांधीतून केपरची झुडपं उगवलेली मी बघितली, पांढऱ्या फुलांतून जांभळे पुंकेसर बाहेर आलेले. आपल्या फड्या निवडुंगाची माणसाच्या दुप्पट उंचीची कुंपणं बघितली. सगळी गावं एकाच मधाच्या रंगाच्या दगडाची, आणि संध्याकाळी साडेआठपर्यंत तो रंग उतरायचाच नाही. मला तर रोज वाटायचं की घड्याळ बिघडलंय. उत्तरेच्या किनाऱ्यावर खडकात खोदलेली मिठागरं होती, तिथे एक बाई, तिची सून आणि नातू झाडूने मीठ एकत्र करत होते. आपल्याकडे उरण-पेणला जमिनीवर वाफे असतात, इथे खडकातच ताटं कोरलेली. मी वाकून एका ताटात बोट बुडवलं आणि चाखलं. तू तेव्हा भाड्याच्या गाडीत एसी लावून बसली होतीस, कारण तुझ्या चपलेचा अंगठा तुटला होता.

समुद्रात उभं राहिलं की स्वतःच्या पायाची नखं दिसायची. आपल्या ईस्ट कोस्टला समुद्र म्हणजे रांगेत उभी असलेली जहाजं. इथे नुसतं पाणी, आणि बाहेर आल्यावर हातावर मीठ वाळून कातडी ताणायची. आणि कपडे! धुऊन दोरीवर टाकले की तासाभरात पापडासारखे वाळायचे. सिंगापुरात खिडकीबाहेरच्या काठ्यांवर कपडे घालायचे आणि दुपारच्या पावसाआधी घरी पोचायची घाई करायची, ह्यात आपली वीस वर्षं गेली. मी तिथे गरज नसताना चादरीसुद्धा धुतल्या. माझा शेखर म्हणाला, ही बाई युरोपात येऊन धुणं धुतेय. त्यालाही मजा वाटली असेल, पण त्याला काय कळणार!

गावात एके दिवशी चर्चची जत्रा होती. दुपारपासून फटाके आणि बँड, सगळ्या गल्लीला लाल पडदे लावलेले, आणि आठ-दहा बाप्ये खांद्यावर मूर्ती घेऊन इतके हळू चालत होते की पोरं कंटाळून पुढे पळत होती. तुला ते आवडलं. तिथे तू जागी होतीस.

आणि मग वटपौर्णिमा आली.

ती तुझ्या लक्षात होती, माझ्या नव्हती. तू सिंगापुरातून निघतानाच सुताची गुंडी आणि हळदकुंकवाची डबी बॅगेत टाकली होतीस. इथे आपण पार्कातल्या वडाला जायचो, सूत गुंडाळायचो, फोटो काढायचो आणि निघताना सगळं सूत पुन्हा सोडवून, अक्षता वेचून पिशवीत भरायचो, दंड होईल ह्या धास्तीने. सात जन्मांची व्यवस्था आपण दहा मिनिटांत उकलून घरी घेऊन यायचो. गोझोत दंडाची भीती नव्हती, पण वडही नव्हता.

'ऑलिव्हला करू या,' तू म्हणालीस. 'ते शांतीचं झाड असतं ना?'

मी म्हटलं, 'ऑलिव्ह पारिजातकाच्या, जाईच्या कुळातलं. त्याचा आणि वडाचा काय संबंध?' आणि शेजारच्या पडक्या भिंतीपलीकडे बोट दाखवलं. 'ते बघ अंजीर. वड, पिंपळ, उंबर आणि हे, सगळी भावंडं.' एक पान खुडून देठातून आलेला पांढरा चीक तुला दाखवला. तू त्या चिकाला बोट लावलंस, वास घेतलास आणि म्हणालीस, 'शैला, तू थोरच आहेस.' सिंगापुरात आल्यापासून माझ्या बॉटनीला असं कुणी म्हटलं नव्हतं. मी तुला सांगितलं नाही, पण मला तेव्हा फार बरं वाटलं.

भिंत पडलेली होती तिथून आपण आत गेलो. जर्दाळू आणि पीच ठेवलेलं ताट, सूत, कुंकू. तू पुढे, मी मागे. तिसरा फेरा चालू होता तेव्हा घरातून एक म्हातारी बाहेर आली. काळा झगा, पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट, हातात झाडांना पाणी घालायचा पाइप. तिने झाडाभोवतीचं सूत पाहिलं आणि जी ओरडायला लागली! तिचं इंग्रजी मोडकंतोडकं होतं, पण मला लगेच कळलं, कारण हे मी माझ्या माहेरी साक्षात ऐकलेलं आहे. झाड बांधावरचं होतं. दीर म्हणत होता त्याचं, ही म्हणत होती हिचं. आपण झाड मोजायला आलो आहोत आणि दिराने आपल्याला पाठवलंय, असं तिला वाटलं. भाऊबंदकी थेट भूमध्य समुद्रात!

मी सूत खाली ठेवून वळून बघितलं तर तू नव्हतीस. ताटासकट भिंतीमागे बसली होतीस.

म्हणून मी पुढे गेले. मी, जी ट्यूशन सेंटरमध्ये आयांशीसुद्धा हळू बोलते. मी तिला म्हटलं, 'बाई, मोजणी नाही. पूजा. नवऱ्याला भरपूर आयुष्य मिळावं म्हणून.' तिने पाइप खाली केला. 'कुणाचा नवरा?' मी गच्चीकडे हात केला. दोघे तोंडं उघडी टाकून झोपले होते, मकरंदच्या पोटावर टॉवेल सरकलेला होता. ती बराच वेळ बघत राहिली. 'ह्यांना? भरपूर आयुष्य?' मी म्हटलं, 'एकच नाही, सात जन्म. हाच नवरा.' तिने कपाळावर-छातीवर क्रूस काढला. 'सात!' ती म्हणाली. 'अगं बये, मला एकच पुरला.'

आणि मग मी ते वाक्य बोलले. 'काय करणार,' मी म्हटलं, 'एका जन्मात ते काही शिकतच नाहीत, म्हणून सात लागतात.'

पहिलं हसू भिंतीमागून आलं. तुझं. मग म्हातारी हसायला लागली, ती अंजिराच्या बुंध्याला धरून हसली, तिचे रबरी बूट चिखलात घसरले. मग तू बाहेर आलीस आणि म्हातारीने तुझ्याच ताटात आपल्या हाताने अंजिरं काढून घातली, हिरवी-जांभळी, फुटायला आलेली. उरलेले फेरे तिने आपल्याबरोबर घातले. दिराने बघावं म्हणून असेल. आपण तिघी झाडाभोवती फिरत होतो आणि एकीलाही हसू आवरत नव्हतं.

माझ्या उभ्या आयुष्यात मी बोललेलं ते एक बरं वाक्य. बाकी सगळी वाक्यं मला माणसं गेल्यावर, भांडी घासताना सुचतात. ते एक जागच्या जागी सुचलं.

त्याच वर्षी गणपतीत मंडळाच्या कार्यक्रमात तू माइक घेतलास आणि 'आमची गोझोची सहल' सांगितलीस. मी तिसऱ्या रांगेत शेखरच्या शेजारी. तू मिठागरांपासून सुरुवात केलीस, जी तू पाहिलीच नव्हतीस, आणि मी तुला सांगितलेलं खडकात कोरलेल्या ताटांचं तू इतकं छान सांगितलंस की मला ती मिठागरं पुन्हा दिसली. मग वटपौर्णिमा. 'मी म्हटलं, अगं, अंजीर वडाचा सख्खा भाऊ!' असं तू म्हणालीस. 'आमची शैला बिचारी घाबरून भिंतीमागे पळाली,' असंही म्हणालीस. आणि मग जरा थांबलीस, घोटभर पाणी प्यायलीस आणि माझं वाक्य टाकलंस. लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी राहिले. शेखर डोळे पुसत होता. तू स्टेजवरून माझ्याकडे बघून एक डोळा बारीक केलास.

आणि मी हसले, विद्या. सगळ्यांबरोबर मीसुद्धा हसले. कारण तू ते म्हणेपर्यंत ते वाक्य इतकं चांगलं आहे हे मलाही कळलं नव्हतं. हीच गोष्ट मला आजतागायत सहन होत नाही.

पुढची सात वर्षं ती गोष्ट ऐकली. दिवाळीत, डोहाळजेवणात, कुणाच्या पन्नाशीला. लिटिल इंडियात भाजी घेताना ओळखीच्या बायका मला अडवून सांगायच्या, 'तुमच्या विद्याताई काय बोलतात हो! सात जन्म लागतात म्हणे!' नवरा-बायकोचं काही वाजलं की मंडळातली माणसं ते वाक्य एकमेकांना ऐकवायची. घरी एकदा शेखरला म्हटलं, ते मी म्हटलं होतं. तो म्हणाला, 'तू? तू तर भिंतीमागे होतीस ना?' तो गच्चीवर घोरत होता, आणि मला सांगत होता मी कुठे होते ते!

गेल्या वर्षी मी तुझ्याशी भांडलेच. हौगांगच्या हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या गाळ्यांसमोर, दुपारी, तुझी कॉफी आणि माझा चहा, म्हणजे इथला कोपी आणि तेह, पुढ्यात. मी म्हटलं, 'विद्या, ती गोष्ट माझी आहे.' वाटलं होतं तू टाळशील. तू म्हणालीस, 'तुझीच आहे. मी कुठे नाही म्हणतेय?'

'मग माझी म्हणून का नाही सांगत?'

'अगं, तिसऱ्या माणसाची म्हणून सांगितली की गोष्ट पडते. मी म्हटलं की लोक ऐकतात. आणि तू सांगतेस कशी ते तुला माहितीये का? आधी झाडाचं कूळ, मग पानांची रचना, मग चीक. म्हातारी घरातून निघेपर्यंत लोक जेवायला उठतात.'

खरं होतं, म्हणून जास्त लागलं. माझा चेहरा बघून तू माझा हात धरलास. 'बरं, ऐक. ह्या गणपतीत तू स्टेजवर ये. मी सगळ्यांसमोर सांगते की हे हिचं आहे, मी चोर आहे, भिंतीमागे मी होते. मग तू सांग. मी खाली बसून टाळ्या वाजवते.'

मी काय म्हटलं ते तुला आठवत असेलच. मी म्हटलं, 'नको. माझीच वस्तू तुझ्या हातून बक्षीस म्हणून नको मला.' आणि तेह अर्धा टाकून उठले. तू मागून हाक मारलीस. मी दोन स्टेशनं तावातावाने चालत गेले आणि घामाने निथळत घरी पोचले.

मी अशी कशी वागले? माझी आई गेली तेव्हा मला पुण्याला वेळेवर पोचता आलं नव्हतं. तू तीन दिवस माझ्याकडे येऊन राहिलीस आणि माझ्या आईच्या गोष्टी मलाच सांगितल्यास. मीच कधीतरी तुला सांगितलेल्या. रिक्षावाल्याचा पत्ता चुकला म्हणून ती त्यालाच चहा पाजायला घरी घेऊन आली होती, ती गोष्ट तू तिच्या आवाजात केलीस. मी रडता रडता हसले. आई तेवढा वेळ सेंगकांगच्या सातव्या मजल्यावर येऊन बसली होती. ते तेव्हा मला चोरीचं वाटलं नाही. तेव्हा मला ते हवं होतं.

भांडणानंतर आपण बोलत होतो, पण मोजकं. दोन महिन्यांपूर्वी तू फेअरप्राइसच्या दुकानातून अंजिरांचा फोटो पाठवलास, 'वडाचा भाऊ आलाय, तुझ्यासाठी घेऊ का?' मी लिहिलं, 'नको, आहेत घरी.' घरी नव्हती. नंतर तू आजारी पडलीस, आणि हॉस्पिटलात मी आले तेव्हा तुला नळ्या लावलेल्या होत्या. गोझोचं काढायची ती जागा नव्हती. मी तुझ्या पायांना क्रीम लावलं आणि घरी आले.

आता तेराव्यानंतरच्या शोकसभेचं सांगते, कारण ते तुला माहीत नाही.

तुमच्या ब्लॉकखालच्या हॉलमध्ये ठेवली होती. तुझा तो निळ्या साडीतला फोटो, हार, आणि दीडशे माणसं. माझ्या निरोपाला पन्नास येतील, तेही शेखरच्या ऑफिसातले. तुझ्या बँकेतली एक बाई पहिल्या रांगेत बसून माझ्यापेक्षा जास्त रडत होती, आणि मला तिचाही राग आला. ती तुला कितीशी ओळखत होती? जो तो उठून सांगत होता की विद्याताई म्हणजे काय गोष्टी सांगायच्या, आणि प्रत्येकाला गोझोचं अंजीर आठवत होतं. शेवटी मकरंद माझ्याजवळ आला. चार दिवस दाढी न केलेला मकरंद. 'शैला, ती गोष्ट तू सांग ना,' तो म्हणाला. 'तू होतीस तिथे.'

मी उठले तेव्हा माझं पक्कं ठरलं होतं. जसं झालं तसं सांगायचं. तू नाहीस तर नाहीस, मीच सांगणार माझी गोष्ट.

सुरुवात अर्थातच कुळापासून झाली. वड, पिंपळ, उंबर. मला खुर्च्या सरकल्याचा आवाज आला आणि तू कानात म्हणालीस, पानांची रचना नको गं. मी पानांची रचना गाळली. थेट म्हातारीला बाहेर काढलं, रबरी बुटांसकट. मग मी म्हटलं, 'विद्या भिंतीमागे पळाली आणि मी पुढे गेले.' लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. मी थांबले नाही. गच्ची, टॉवेल, सात जन्म, क्रूस. मग मी पाण्याचा घोट घेतला. हो, मीही घेतला! आणि म्हटलं, 'मी म्हटलं, काय करणार, एका जन्मात ते काही शिकतच नाहीत, म्हणून सात लागतात.'

आधी कुणी हसलं नाही. मग हसले, आणि मग हुंदके यायला लागले. मकरंद तोंडावर हात घेऊन बसला.

खाली आल्यावर कुलकर्णी काकूंनी मला जवळ घेतलं. 'शैला,' त्या म्हणाल्या, 'काय सांगितलंस गं! अगदी तिच्या शब्दांत. आणि तिचं बोलणं "मी म्हटलं" असं स्वतःच्या तोंडी घेतलंस, आणि तुला भिंतीमागे नेणारी ती, तिला तू भिंतीमागे नेलंस. तिला किती गंमत वाटली असती!' मागून अन्वी आली, एकोणीस वर्षांची, तुझ्याच उंचीची. 'मावशी,' ती इथल्या पोरांच्या इंग्रजीत म्हणाली, 'यू साउंडेड एक्झॅक्टली लाइक आई, लाह.' आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं.

खरं सांगून मी पहिल्यांदा उभी राहिले आणि सगळ्यांना ती तुझी नक्कल वाटली.

काल संध्याकाळी अन्वीचा फोन आला. ती तुझ्या सगळ्या गोष्टी लिहून ठेवणार आहे, स्वतःसाठी आणि बाबांसाठी. रडत नव्हती, पण आवाज जपून वापरत होती. 'मावशी, फिग ट्रीवाली स्टोरी. ते लाइन अ‍ॅक्चुअली कोण बोललं? आई की तू? बाबा म्हणतात आई. बट तू त्या दिवशी "मी" म्हणालीस. आय वॉन्ट टू राइट इट करेक्ट.'

सात वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. सरळ, तोंडावर, लिहून घ्यायच्या तयारीने. मी बाल्कनीत उभी होते, काठीवरचे कपडे आत घेत होते. मला फोनमधून तिच्या की-बोर्डवर टकटकणाऱ्या बोटांचा आवाज येत होता.

'तुझी आई,' मी म्हटलं.

'शुअर?'

'शुअर. मी भिंतीमागे होते.'

ती खूश झाली. थँक्यू मावशी म्हणाली आणि फोन ठेवला. मी मोठ्या मनाने वगैरे केलं असं समजू नकोस. नंतर मी त्या ओल्या कपड्यांवर इतका राग काढला की शेखर आतून विचारायला आला, काय झालं. मला आजही तुझा हेवा वाटतो. तुझ्या आवाजाचा, दीडशे माणसांचा, तुझं बोलणं जपून लिहून ठेवणाऱ्या तुझ्या मुलीचा. माझं असं काही ईशान लिहून ठेवणार नाही. पण ते वाक्य माझं आहे असं तिला सांगवलं नाही. तिच्याकडे आता तुझं तेवढंच आहे.

तर ती गोष्ट आता तुझी झाली, मंडळात, घरात, अन्वीच्या कॉम्प्युटरवर. मकरंदने विचारलं तरी मी हेच सांगेन. पण तुझ्यापुढे हे सांगणार नाही. त्या दुपारी तिथे जागी असलेली आपली माणसं दोनच, आणि त्यातली भिंतीमागची तू होतीस. तू ऐकलंस, तूच आधी हसलीस. विद्या, ते मी म्हटलं होतं. एकदा हो म्हण गं, नुसतं मला.